केमोचं औषध पेशीत शिरल्यावर जातं कुठे?

भुसावळहून तुम्ही विचारलंय, मावशींची केमो आधी लागू पडली, आता पडत नाही, तर कॅन्सरच्या पेशी औषध आत घेतच नाहीत का?

घेतात. पण काही बाहेर फेकतात आणि काही ठेवतात भलत्या जागी.

मी यावलकडचा, केळीवाल्याच्या घरातला. एम.एस्सी.ला केमोला न दबणाऱ्या अशाच पेशींवर काम केलं. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे वॉर्डातलं ते 'लाल औषध', योग्य प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच चमकतं. औषध लागू पडणाऱ्या कॅन्सरच्या पेशीत केंद्रक लाल उजळतं, कारण औषधाचं काम तिथल्या डीएनएवर. औषधाला न दबणाऱ्या पेशीत केंद्रक अंधारं आणि भोवती लाल ठिपके. पहिल्यांदा मला वाटलं, स्लाइडच बिघडली.

यात दोन गोष्टी असतात. एक पंप. 1976 साली जुलियानो आणि लिंग या शास्त्रज्ञांनी पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन दाखवलं. ते पेशीच्या आवरणात बसून औषध बाहेर फेकतं. आपल्या विहिरीवरच्या मोटरसारखंच, फक्त लोडशेडिंग नाही; वीज म्हणजे एटीपी, पेशीला ऊर्जा देणारं रसायन. बरंचसं औषध तर आवरणातच, म्हणजे ओट्यावरूनच, परत जातं. आणि हा पंप चोखंदळ नाही. सदाफुलीतून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन असो की पॅक्लिटॅक्सेल, दोन्ही केमोचीच औषधं, रचनेत काडीचं साम्य नसलं तरी दोन्ही बाहेर. म्हणून एक औषध हरलं की न दिलेली औषधंही हरू शकतात.

दुसरी गोष्ट त्या ठिपक्यांची. ते लायसोसोम, पेशीतल्या आंबट पिशव्या. पेशीरसाचा पीएच साधारण 7.2, यांचा 5च्या खाली (पीएच जितका कमी, तितकं जास्त आंबट). डॉक्सोरुबिसिन थोडं अल्कधर्मी. विद्युतभार नसताना ते पिशवीत शिरतं, आत आम्लामुळे भार चढतो आणि मग आवरण ओलांडून परतता येत नाही. औषध आहे, भरपूर आहे, पण केंद्रकापर्यंत पोचत नाही.

पंप बंद पाडायचा प्रयत्न झालाय. रक्तदाबाचं व्हेरापामिल 1981 पासून प्रयोगशाळेत त्यासाठी वापरलं गेलं. माणसात गाडी अडली, त्याचं एक कारण म्हणजे हेच पंप आतडं, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही असतात. ते अडवले की केमोचं विष अंगातच साचतं.

मावशींच्या गाठीत हेच घडलंय असं मात्र धरू नका. पेशी डीएनए दुरुस्त करूनही तगतात, औषधाचं लक्ष्य बदलूनही. हे त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टनाच, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांनाच, विचारा.

आणि 'शरीर अल्कलाइन करा'वाल्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन त्यांना खायचा सोडा पाजू नका. त्या पिशव्या आंबट ठेवायला पेशीचा वेगळा पंप आहे, तो पोटातल्या सोड्याला विचारत नाही.