भारताच्या ३० किलोवॅट लेझर शस्त्रामुळे क्षेपणास्त्रं मागे पडतील का?

तुम्ही विचारलंय की ३० किलोवॅटचा लेझर ड्रोन जाळून पाडतो, तर पुढे क्षेपणास्त्रविरोधी क्षेपणास्त्रांची गरजच उरणार नाही का? उरणार. का, ते सांगतो.

मी भोसरीत फायबर लेझर कटिंग मशीनवर काम करतो. आमचं मशीन ३ किलोवॅटचं, तरी ६ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा सरसर कापतं. कारण नोझल पत्र्यापासून जेमतेम १ मिलिमीटरवर असतो, किरणाचा ठिपका केसाच्या दुप्पट जाडीचा, आणि वितळलेलं लोखंड खाली उडवायला ऑक्सिजनचा झोत. काही किलोमीटरवरच्या ड्रोनसाठी यातलं काहीच हाताशी नसतं. तिथे ठिपका ५ सेंटिमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला पडणारी ताकद आमच्या मशीनच्या साधारण दहा हजारावा हिस्सा भरते. म्हणून उडत्या, हेलकावे खाणाऱ्या ड्रोनच्या पंखावरची एकच जागा धरून तिच्यावर काही सेकंद किरण रोखावा लागतो. किलोवॅटच्या आकड्यापेक्षा मला हे धरून ठेवणंच जास्त अवघड वाटतं.

दुसरी गोष्ट हवा. आमच्या कटिंग हेडमध्ये लेन्सखाली एक संरक्षक काच असते. तिच्यावर धुळीचा कण बसला की तो जळतो, काचेवर टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग पडतो आणि पुढचा प्रत्येक कट खराब येतो. काच काढून उजेडात धरली की डाग लगेच दिसतो. शस्त्राच्या बाबतीत तर वाटेत कित्येक किलोमीटर धूळ, धुकं, पाऊस. शिवाय किरण स्वतःच वाटेतली हवा तापवतो आणि तापलेली हवा त्याला फाकवते. भर दुपारी डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते ना, तसंच.

एवढं असूनही १३ एप्रिल २०२५ ला आंध्रातल्या कुर्नूलला जे झालं त्याचा मला मनापासून अभिमान आहे. डीआरडीओच्या (आपल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या) हैदराबादच्या 'चेस' प्रयोगशाळेच्या या लेझरने विमानासारखे पंख असलेले ड्रोन पाडले, एकदम आलेला ड्रोनचा थवा रोखला, टेहळणीचे सेन्सर आणि अँटेना निकामी केले. काही सेकंदांच्या माऱ्याचा खर्च दोनेक लिटर पेट्रोलएवढा, असं सरकारनेच सांगितलंय. ब्रिटनच्या ड्रॅगनफायर या लेझर शस्त्राचा एक मारा १० पौंडांच्या आसपास पडतो. स्वस्तातल्या ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र खर्च करणं कुठल्याच सैन्याला परवडत नाही. लेझरची खरी जागा तिथे आहे.

बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचं म्हणाल, तर अमेरिकेने बोइंग ७४७ मध्ये प्रचंड रासायनिक लेझर बसवून फेब्रुवारी २०१० मध्ये एक पाडलंही, पण २०११ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला. ते क्षेपणास्त्र नुकतंच सुटून वर चढत होतं. खाली येणारं वॉरहेड, म्हणजे टोकाचा स्फोटक भाग, वातावरणात शिरतानाची आग सोसायलाच बनवलेलं असतं, त्याला या ताकदीचा लेझर काय करणार? ऑगस्ट २०२५ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर डीआरडीओनेही लेझरची चाचणी घेतली ती क्यूआरसॅम आणि व्हीशोराड्स या हवेतलं लक्ष्य पाडणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या जोडीनेच.

कुर्नूलचा मुलूख कोरडा. मला आता याच लेझरची चाचणी जुलैत, कोकणच्या किनाऱ्यावर झालेली बघायची आहे.