सर्वांत शक्तिशाली सूक्ष्मदर्शकातूनही प्रोटॉन का दिसत नाही?

आपण विचारले आहे की, इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, प्रोटॉन ज्यांचा बनतो ते क्वार्क, हे कण कोणी डोळ्यांनी पाहिलेलेच नसतील, तर आणखी चांगला सूक्ष्मदर्शक बनवून ते का पाहत नाहीत, आणि न पाहता ते आहेत असे कशावरून म्हणतात. मी पुण्यातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. हा प्रश्न मला अतिशय रास्त वाटतो आणि 'शास्त्रज्ञ सांगतात म्हणून' हे त्याचे उत्तर असू शकत नाही.

भिंग कितीही उत्तम घेतले तरी अडचण प्रकाशापाशी येते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर असते, अणूचा व्यास सुमारे 0.1 नॅनोमीटर असतो आणि प्रोटॉन त्याहूनही पन्नास-साठ हजार पटींनी लहान असतो. खडकवासल्याच्या पाण्यात उभ्या असलेल्या बारीक काडीमुळे मोठी लाट जशी जराही विस्कटत नाही, तसाच प्रकाश या कणांवरून त्यांची कोणतीही खूण न घेता निघून जातो. तरंगलांबी कमी करत नेली की ऊर्जा वाढत जाते, आणि मग तोच प्रकाश इलेक्ट्रॉनला असा धक्का देतो की त्याची पूर्वीची गती कळण्याचा मार्ग उरत नाही. ही मर्यादा निसर्गाचीच आहे, हे भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांनी 1927 मध्ये दाखवले. क्वार्कची गोष्ट तर आणखी बिकट आहे: त्यांना प्रोटॉनमधून ओढून बाहेर काढण्यासाठी लावलेल्या ऊर्जेतून नवे क्वार्क तयार होतात, त्यामुळे सुटा क्वार्क हाती लागतच नाही. हिग्ज बोसॉन हा आणखी एक मूलभूत कण तर अणूच्या रुंदीएवढे अंतर कापण्यापूर्वीच नष्ट होतो. सर्न या युरोपातील कणभौतिकी प्रयोगशाळेत 2012 मध्ये दोन प्रयोगांतून त्याचा शोध लागला तो त्याच्या विघटनातून निघालेल्या कणांवरून. त्या दोन प्रयोगांपैकी सीएमएसमध्ये आपल्या पुण्यातील पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेतील संशोधकही काम करतात.

म्हणून कणाऐवजी त्याने मागे ठेवलेला परिणाम टिपला जातो. विद्युतभारित कणाचा माग आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी पाहावा, असे मला मनापासून वाटते. काचेच्या बंद पेटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ करून तळाशी ड्राय आइस ठेवला की कणांच्या वाटेवर त्या वाफेचे थेंब जमून काळ्या तळावर बारीक पांढऱ्या रेषा उमटू लागतात. आखूड व जाड रेषा अल्फा कणांची (किरणोत्सारी पदार्थांतून निघणाऱ्या हेलियमच्या अणुकेंद्रांची) असते, वेडीवाकडी रेषा मंद इलेक्ट्रॉनची, आणि लांब, सरळ व पातळ रेषा बहुधा वातावरणाच्या वरच्या थरात निर्माण झालेल्या म्युऑनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाची. आपल्या तळहातातून असा साधारण एक म्युऑन दर सेकंदाला जात असतो.

अर्थात, न्यूट्रिनो नावाच्या अतिशय हलक्या कणाला विद्युतभार नसल्यामुळे तो असा मागही ठेवत नाही, आणि माझ्या मते आपल्या शंकेची खरी कसोटी येथेच लागते. भौतिकशास्त्रज्ञ पाउली यांनी 1930 मध्ये त्याची कल्पना मांडली, ती बीटा क्षयात (अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्या क्रियेत) कमी पडणाऱ्या ऊर्जेचा हिशेब लागावा म्हणून; तो कण सापडेल अशी आशा त्यांना स्वतःलाही फारशी नव्हती. राइन्स आणि कोवन या शास्त्रज्ञांनी 1956 मध्ये अमेरिकेतील सव्हाना रिव्हर येथील अणुभट्टीजवळ कॅडमियमचे संयुग विरघळवलेल्या पाण्याच्या टाक्या ठेवल्या. अणुभट्टीतून येणारा प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनोचा प्रतिकण) पाण्यातील प्रोटॉनवर आदळला, तर पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) आणि न्यूट्रॉन निर्माण व्हायला हवेत. पॉझिट्रॉन लगेच नष्ट होऊन गॅमा किरणांची एक जोडी देईल, आणि काही मायक्रोसेकंदांनी कॅडमियमने न्यूट्रॉन शोषला की गॅमा किरणांचा दुसरा झोत निघेल. नेमक्या याच क्रमाने, एवढ्याच अंतराने येणारे संकेत त्यांना मिळाले. अन्य कारणांनीही असे संकेत क्वचित जुळून येऊ शकतात, म्हणून त्यांनी अणुभट्टी चालू असतानाची आणि बंद असतानाची मोजणी ताडून पाहिली, आणि भट्टी बंद असताना ही मोजणी स्पष्टपणे घटलेली आढळली.