वाचक विचारतात : केनेडींची बोट, तो नारळ आणि पोहून कापलेला समुद्र

प्रश्न : नमस्कार दादा. परवा मुलाने लॅपटॉपवर 'पीटी १०९' लावून दिला, अमेरिकेचे प्रेसिडेंट केनेडी तरुणपणी नेव्हीत होते त्यावरचा जुना पिक्चर. माझे सासरे गोदीत फिटर होते. ते म्हणतात, लाकडी बोटीचे दोन तुकडे होऊनही अर्धी बोट तरंगते आणि कप्तान जखमी माणसाला दातात पट्टा धरून ओढत नेतो, हे सगळं रचलेलं आहे. खरं काय?
– एक वाचक, माझगाव

उत्तर : ताई, सासऱ्यांचा अनुभव मोठा त्यामुळे शंका रास्तच आहे, पण या दोन्ही गोष्टी खरोखर घडल्यात. १९४३ सालच्या १ ऑगस्टची रात्र, जागा पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांजवळची ब्लॅकेट सामुद्रधुनी. त्या रात्री १५ पीटी बोटी, म्हणजे टॉर्पेडो मारणाऱ्या छोट्या वेगवान लाकडी बोटी, जपानी जहाजं अडवायला निघाल्या होत्या, रडार फक्त प्रत्येक तुकडीच्या पुढच्या बोटीवर, केनेडींच्या १०९ वर नव्हतंच. पहाटे अडीचच्या सुमाराला अंधारातून 'अमागिरी' ही जपानी विनाशिका आली आणि बोट चिरून निघून गेली. पाण्यात पांढरा फेस उठून विमानांना दिसू नये म्हणून बोट एकाच इंजिनवर हळू चालली होती, त्यामुळे बाजूला व्हायला वेळच मिळाला नाही. १३ पैकी दोघं तिथेच गेले. पुढचा अर्धा भाग तरंगला कारण आतले वॉटरटाइट कप्पे शाबूत होते, हे सासऱ्यांना सांगा, त्यांना लगेच पटेल.

आता पोहण्याचं. तो अर्धा भागही दुपारपर्यंत उलटला आणि बुडणार हे दिसायला लागलं तेव्हा सगळ्यांनी बेटाकडे निघायचं ठरवलं, अंतर साधारण साडेपाच किलोमीटर. आपल्याकडे संकरॉक ते गेटवे पोहायची स्पर्धा होते ना, जवळपास तेवढंच. इंजिनवाला मॅकमहॉन वाईट भाजला होता, हात चालवणं शक्यच नव्हतं. केनेडींनी त्याच्या लाइफजॅकेटचा पट्टा दातात पकडला आणि त्याला ओढत पोहायला लागले, खारं पाणी तोंडात जातंय, थांबायचं, दम खायचा, परत सुरू, असे सुमारे चार तास. बाकीचे एका लाकडी तुळईला धरून पाय मारत येत होते. केनेडींचं वय २६, पाठीचं जुनं दुखणं, आणि त्याच रात्री हा माणूस कंदील घेऊन एकटा पुन्हा पाण्यात उतरला, एखादी आपली बोट दिसतेय का बघायला. बोट आली नाही. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातलं खरं शौर्य या दुसऱ्या पोहण्यात आहे. बोटीला धडक बसली यात पराक्रम कसला, केनेडी स्वतःच सांगायचे की मी काही ठरवून हिरो झालो नाही, त्यांनी माझी बोट बुडवली म्हणून झालो.

एक गोष्ट मात्र पिक्चरने फिरवलीये. शत्रूच्या बेटावरून मरीन्सना सोडवून आणायचा प्रसंग १०९ वर दाखवलाय, तो प्रत्यक्षात नंतरचा, केनेडींच्या पुढच्या पीटी ५९ बोटीवरचा.

प्रश्न : नारळावर निरोप लिहिला हे जरा फिल्मी वाटतं हो. खरंच झालं का?
– कॉलेज विद्यार्थी, भांडुप

उत्तर : झालं, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण हा भाग लोकांच्या लक्षातच राहत नाही. बियुकू गासा आणि इरोनी कुमाना, दोघं तिथलेच तरुण, ऑस्ट्रेलियन टेहळणी अधिकारी रेग इव्हान्ससाठी कॅनोतून फिरायचे. त्यांनाच ही माणसं सापडली. एव्हाना तळावर सगळे मेले असंच धरलं होतं, प्रार्थनाही होऊन गेली होती. कागद नव्हता म्हणून नारळाच्या करवंटीवर चाकूने कोरून निरोप दिला की ११ जिवंत आहेत, छोटी बोट हवी, हा माणूस वाट दाखवेल. तो घेऊन हे दोघं जपानी गस्तीतून साठेक किलोमीटर वल्हवत गेले, पकडले असते तर काय झालं असतं विचार करा. ८ ऑगस्टला पहाटे पीटी १५७ ने सगळ्यांना उचललं. करवंटी नंतर व्हाइट हाऊसच्या टेबलावर होती, आता बोस्टनच्या केनेडी लायब्ररीत आहे. शपथविधीचं आमंत्रण गासा आणि कुमानांना गेलं होतं पण ते पोचू शकले नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं. गासा २००५ मध्ये गेले, कुमाना २०१४ मध्ये. त्यांचं नाव केनेडींच्या नावाबरोबरच घ्यायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माणूस खुर्चीत असताना त्याच्यावर पिक्चर, हा सरळसरळ प्रचार नाही का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : फायदा होणार हे सगळ्यांनाच माहीत होतं. ही हकिकत १९४४ मध्येच मासिकात छापून आली होती आणि १९४६ च्या निवडणुकीत तिच्या प्रती वाटल्याही गेल्या. पिक्चर जून १९६३ चा, केनेडींचं काम करणाऱ्या क्लिफ रॉबर्टसनची निवड खुद्द केनेडींना विचारून झाली. नोव्हेंबरमध्ये त्यांची हत्या झाली. प्रचार म्हणा हवं तर, पण मॅकमहॉन जिवंत परत आला ही गोष्ट त्याने खोटी ठरत नाही. पिक्चर दोन तास वीस मिनिटांचा आहे, सुरुवातीला मोडक्या बोटीच्या दुरुस्तीत बराच वेळ जातो तेव्हा कंटाळून बंद करू नका, अमागिरी येईपर्यंत थांबा.