बाबांच्या कॅसेट्स दुकानात देऊ का?

प्रश्न : काकाजी, नमस्कार. माझे बाबा दर्यापूर तालुक्यात मास्तर होते. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गावोगाव व्याख्यानं द्यायचे. त्या व्याख्यानांच्या आणि घरातल्या भजन-गप्पांच्या ४३ कॅसेट्स नि एक स्पूल (मोठ्या चकरीवरची उघडी टेप), जुनं घर उतरवताना टिनाखालच्या पेटीत सापडलं. काहींवर पांढरी बुरशी आहे. एक लावून पाहिली, तर बाबा तोंडावर दुपट्टा धरून बोलताहेत असं वाटलं. शहरातला एक दुकानदार सगळं एमपी-थ्री करून, खरखर काढून देतो म्हणतो. देऊ का? आई ८१ वर्षांची आहे, तिला ऐकायचंय.
– एक वाचक, ता. दर्यापूर

उत्तर : ताई, आईंना थोडं थांबायला सांगा आणि तोवर एकही कॅसेट लावू नका. बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला (टेपवरचा आवाज वाचणारा भाग), रबरी रोलरला लागते आणि तिथून चांगल्या कॅसेटवर चढते. बुरशीवाल्या वेगळ्या बांधून ठेवा; त्या जाणकाराकडूनच साफ करून घ्यायच्या.

तालुक्याच्या गावी मी ३४ वर्षं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान चालवलं. आवाज दबला म्हणजे बाबांचा आवाज गेला, असं समजू नका. टेपवर तो बहुतेक वेळा शाबूत असतो. कॅसेटच्या उघड्या कडेला मधोमध पाहा. बारीक पितळी पट्टीवर ज्वारीच्या दाण्याएवढा नमद्याचा तुकडा चिकटवलेला असतो. टेप हेडवर दाबून धरायची, एवढंच त्याचं काम. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, टिनाखाली तर विचारूच नका. त्या उन्हाळ्यांत गोंद सुकतो नि तुकडा गळून पडतो. मग टेप हेडपासून सुटते, आवाज दबतो, मधूनच बुडतो. अशा वेळी पाच स्क्रूवाली दुसरी कॅसेट उघडून तिच्या खोक्यात तुमच्या टेपच्या दोन्ही चकऱ्या बसवायच्या. हात बसेपर्यंत हे गाण्याच्या टाकाऊ कॅसेटवर करून बघा.

नमदा जागेवर असेल, तर हेड पुसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घ्या, काडीला तपकिरी लागायचं थांबेपर्यंत पुसत राहा. तरीही आवाज मोकळा झाला नाही, तर हेडशेजारच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूला किंचित पीळ द्या. ‘सज्जनहो’मधला ‘स’ स्वच्छ ऐकू आला की थांबा. वेगवेगळ्या मशीनवर भरलेल्या कॅसेट्सना हे दरवेळी नव्यानं करावं लागतं. एकगठ्ठा काम घेणारा माणूस ४३ वेळा स्क्रू फिरवत बसेल, असं मला वाटत नाही. म्हणून माझं मत, दुकानात देऊ नका. जड जाईल, पण घरीच करा.

त्याआधी प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे दात मोडा, म्हणजे चुकून ‘रेकॉर्ड’ दाबलं जाणार नाही. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या १९८७ साली मी स्वतः भरल्या होत्या. दात मोडायचे राहिले. पुढं घरातल्याच एका पोरानं त्यावर गाणी भरली. दुकानात रोज लोकांना सांगणारा मी, आणि माझ्याच घरी हे झालं. आजी त्याआधीच गेली होती. ते अजून सलतं.

टेपरेकॉर्डरच्या ‘लाइन आउट’मधून वायर काढून छोट्या ऑडिओ इंटरफेसवाटे (आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करणारी डबी) कॉम्प्युटरला जोडा. मोबाइल समोर धरून भरू नका. ऑडेसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात आवाज वेव्ह फाइलमध्ये (आवाज न दाबता ठेवणारी फाइल) भरा, सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओत तासाला साधारण एक जीबी लागतो. दोन हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. एमपी-थ्री फक्त मोबाइलवर वाटायला. आणि काम झालं तरी मूळ कॅसेट टाकू नका.

खरखरीबद्दल मात्र माझं ऐकाच. मूळ प्रतीतून काहीही काढू नका. माझ्या वडिलांच्या एका भजनात खंजिरीच्या मागं बंगईच्या (झोपाळ्याच्या) कड्या करकरतात आणि माय बकरीला हाकलते. एकदा हौसेनं खरखर काढून पाहिली, तर कड्या गेल्या, मायचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. बरं झालं, ती नक्कल होती. तो ओसरीवरचा आवाज आज मला भजनाइतकाच लागतो.

स्पूल घरी फिरवू नका. आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते टेप कुजायला लागलंय. आधी त्याच्यासाठी जाणकार शोधा.

पहिली साफ फाइल झाली की आईंजवळ बसा आणि त्यांचं बोलणंही मोबाइलवर भरा. मागून खोकणारा कोण, कोणत्या गावचा मंडप, टाळ कोणाच्या हातात, हे त्या आवाजावरून सांगतील. कॅसेटवरच्या चिठ्ठीचा फोटो काढून फाइलच्या नावात गाव नि साल घाला. साल आठवलं नाही, तर ‘धाकटीच्या लग्नाच्या आधी’ असं लिहिलं तरी चालतं.

पाच स्क्रूवाली रिकामी खोकी माझ्याकडे डबाभर पडून आहेत. संपादकांकडे पत्ता कळवा, दहा-बारा पाठवून देतो.