गायीच्या खांद्यापुढील गाठ : रक्ताचा कर्करोग म्हणण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या संकरित होलस्टिन गायीच्या दोन्ही खांद्यांपुढे गाठी आल्या असून तिचा एक डोळा बाहेर आल्यासारखा दिसतो. आठ महिन्यांच्या कालवडीच्या गळ्याखालीही सूज आहे. दोघींना एकच कर्करोग झाला आहे का, आणि तो गोठ्यात पसरेल का?

उत्तर : आपल्याकडील संकरित जनावरांत खांद्यापुढची गाठ सुजली, तर माझा पहिला संशय कर्करोगावर नसून गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरियावर असतो. त्यात ताप 105 अंश फॅरनहाइटच्या आसपास जातो, डोळ्यांच्या आतील त्वचा फिकट पडते आणि गाठीतून सुईने घेतलेल्या नमुन्याची काचपट्टी रंगवून पाहिल्यास लसीकापेशींच्या, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या, आत निळसर ठिपके दिसतात. हा आजार वेळेवर उपचार केल्यास बरा होतो; म्हणून कर्करोगाचे नाव घेऊन गाय विकण्याआधी ही तपासणी करून घ्यावी.

ती तपासणी निर्दोष आली, तर गाय आणि कालवड यांचा विचार वेगवेगळा करावा लागेल. गोवंशातील लसीकापेशींच्या कर्करोगाचे, म्हणजे ल्युकोसिसचे, मुख्य दोन वर्ग आहेत. पहिला विषाणूजन्य असून त्याच्या गाठी प्रामुख्याने चार ते आठ वर्षांच्या गायींत दिसतात. डोळ्यामागे गाठ वाढली की डोळा पुढे ढकलला जातो, जठराच्या चौथ्या कप्प्यात वाढली की शेण डांबरासारखे काळे पडते आणि मणक्यात वाढली की मागचे पाय लुळे पडतात. आपल्या गायीची लक्षणे या वर्गाकडे बोट दाखवतात. दुसरा वर्ग तुरळक आढळतो, तो या विषाणूमुळे होत नाही आणि एका जनावराकडून दुसऱ्याला लागत नाही. त्याचे प्रकार वयावरून ओळखू येतात : सहा महिन्यांखालील वासरांत अंगभर गाठी येतात, सहा महिने ते दोन वर्षांच्या जनावरांत छातीच्या पुढच्या भागातील थायमस ग्रंथी वाढते, तर एक ते तीन वर्षांच्या जनावरांत कातडीवर गाठी उठतात. कालवडीचे वय थायमसच्या प्रकाराशी जुळते खरे, परंतु तार किंवा खिळा पोटात जाऊन हृदयाला इजा झाल्यासही गळपोळीवर सूज येते, हे विसरू नये.

विषाणूची बाधा आणि कर्करोग या दोन गोष्टी एक नव्हेत. बाधित गायींपैकी सुमारे एकतृतीयांश गायींच्या रक्तात लसीकापेशी कायमच्या वाढलेल्या राहतात, आणि गाठी होतात त्या शंभरात पाचांहूनही कमी गायींना. उलट, गाठी असलेल्या गायीचे रक्त कधीकधी अगदी सर्वसाधारण येते, त्यामुळे केवळ पेशींच्या मोजणीवरून निर्णय देऊ नये. रक्तजलाची, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाची, एलायझा ही प्रतिपिंडे शोधणारी चाचणी बाधा सांगते, तर गाठीच्या तुकड्याची तपासणी कर्करोग सांगते. आपल्या गायीसाठी दोन्ही लागतील.

हा विषाणू मुख्यतः बाधित रक्तातून पसरतो. लसीकरणाच्या दिवशी एकाच सुईने सगळा गोठा टोचला जातो, शिंगे काढण्याचे हत्यार न धुता पुढच्या वासराला लावले जाते आणि गाभण तपासणीचा हातमोजाही तोच राहतो. प्रत्येक जनावराला स्वतंत्र सुई व मोजा वापरावा, हत्यारे निर्जंतुक करावीत आणि चावणाऱ्या माश्यांचा बंदोबस्त करावा. बाधित गायीचा चीक वासराला कच्चा पाजू नये. दूध उकळल्यावर हा विषाणू टिकत नाही. या आजारावर लस किंवा परिणामकारक उपचार नाही, म्हणून निदान पक्के झाल्यास गायीवर आणखी औषधखर्च करू नये.