भित्र्या कुत्रीला गर्दीत नेऊन धीट करता येत नाही, मी करून बसलेय

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षाची गावठी कुत्री आहे, मैना, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत सापडलेली, तुमच्याकडे येऊन पाच आठवडे झाले, दिवसभर पलंगाखाली बसते, लिफ्टमध्ये शू करते, खाली नेलं आणि स्कूटर दिसली की जमिनीला चिकटते. आणि शेजारचे काका म्हणतात रविवारी गोदाघाटावर दोन-तीनदा फिरवून आणा, भीती मोडेल. दादा, नका नेऊ. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी नेलं होतं ना. घाटावर नाही, सोमेश्वरला, रविवारी संध्याकाळी. आमची भुरी तेव्हा साधारण तुमच्या मैनाच्याच वयाची. पहिली दहा मिनिटं ती एकदम गप्प उभी, आणि मी खूश की बघा कशी शांत झाली. ती शांत नव्हतीच, थिजली होती, हा फरक कळायला मला फार उशीर झाला. मग कुणाचा तरी फुगा फुटला, ही मागे मागे सरकली, मान आखडून पट्ट्यातनं निसटली आणि गेली. रात्री साडेअकराला एका बंद दुकानापुढे उभ्या टेम्पोखाली सापडली. त्यानंतर तीन महिने गेटच्या बाहेर पाऊल टाकलं नाही तिने. म्हणजे जिथून सुरुवात केली होती त्याच्याही मागे.

आता मुद्दा. सोशलायझेशन म्हणतात ते खरं तर पिल्लूपणीचं काम, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत, तेव्हा जे दिसेल ते पिल्लू 'हे असतंच' म्हणून मान्य करतं. मैनाचं ते वय एमआयडीसीत ट्रकच्या चाकांमध्ये आणि 'हाड्' ऐकण्यात गेलं असणार. त्यामुळे तुम्हाला तिची नवीन ओळख करून द्यायची नाहीये, आधीचं मत बदलायचंय, आणि ते हळू होतं. त्याचं औषध म्हणजे अंतर. स्कूटर किती लांब असली की ती चिकन खाते, ते शोधा. खात नसेल तर फार जवळ आहात, बस्स, एवढी सोपी परीक्षा. मी गोदापार्कला सकाळी सहाला जायचे, ट्रॅकपासून चांगलं चाळीस-पन्नास फूट लांब गवतात बसायचे, ती चालणारी माणसं बघायची, मी चिकन द्यायचे, दहा मिनिटांत घरी. तुम्हाला इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक जवळ असेल तर तिथेही चालेल, पण ट्रॅकवर नाही, लांब, आणि गर्दीच्या वेळी अजिबात नाही.

यात एक गोष्ट मी कितीतरी दिवस उलटी करत होते. आधी खिशातली पिशवी कुरकुर वाजवायची, चिकन काढायचं, मग स्कूटर यायची. भुरीने काय शिकावं? पिशवी वाजली की संकट येतं! शेवटी पिशवीलाच घाबरायला लागली. आधी तिला स्कूटर दिसू दे, मग चिकन. स्कूटर गेली की चिकन बंद. क्रम हाच.

चिकन साधं उकडलेलं, बारीक तुकडे, नखाएवढे. घरातल्या रश्श्यातलं धुऊन देऊ नका, कांदा कच्चा असो की शिजलेला, कुत्र्यांच्या रक्तातल्या लाल पेशी खराब करतो. आणि द्राक्षं, मनुका तर मुळीच नाही, किडनी जाऊ शकते. नाशिकमध्ये सीझनला घरोघरी द्राक्षाची पेटी जमिनीवर पडलेली असते म्हणून मुद्दाम लिहितेय.

अंगाकडे बघायला शिका. समोर खायला काही नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, एक पाय उचलून धरणं, हे सगळं 'मला इथून न्या' आहे. तेव्हाच वळायचं आणि निघायचं. गुरगुरली तर ओरडू नका हो, गुरगुरणं बंद केलं तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. आणि घाबरल्यावर जवळ घेतलं तर भीती वाढते म्हणतात त्यात काही दम नाही, तिला जवळ यायचं असेल तर येऊ द्या, फक्त ओढून घेऊ नका.

पलंगाखालून तर कधीच ओढू नका. ते तिचं घर आहे, तिथेच जुनी सतरंजी टाका, पाणी ठेवा. येणाऱ्या पाहुण्यांना दारातच सांगायचं की तिच्याकडे बघू नका, यू यू करू नका, डोक्यावरून हात नेऊ नका. आमच्याकडे हे सगळ्यात अवघड गेलं, कारण प्रत्येकाला वाटतं 'मला कुत्री ओळखतात'. ती स्वतः आली तर तिरकं बसून छातीला किंवा हनुवटीखाली तीन सेकंद हात लावायचा आणि थांबायचं. परत पुढे सरकली तर अजून. नाही सरकली तर नाही.

एका दिवशी कुकरच्या शिट्ट्या, पाहुणे आणि खाली कुणी फटाका लावला, असं सगळं एकावर एक झालं तर दुसऱ्या दिवशी फिरणं रद्द, घरातच काहीतरी हुंगायला द्या, जुन्या टॉवेलमध्ये खाऊ गुंडाळून वगैरे. याला लाड म्हणणारे म्हणोत.

दुसरं कुत्रं मदत करतं, पण बिल्डिंगमधला अंगावर उड्या मारणारा लॅब्राडोर नको. एखादं म्हातारं, निवांत कुत्रं शोधा आणि दोघांना समोरासमोर न आणता एकाच दिशेने, मधे रस्त्याएवढं अंतर ठेवून चालवा. भुरी माझ्या बहिणीच्या बारा वर्षांच्या बोक्यासारख्या आळशी कुत्र्याकडे बघूनच गेटबाहेर पडली.

हे सगळं सुरू करायच्या आधी व्हेटला दाखवा. कान दुखत असेल, गोचीड तापाने अंग मोडलं असेल तर कुत्रं असंच दबून बसतं आणि आपण ट्रेनिंग करत राहतो. भीती फारच असेल तर गोळ्याही असतात, व्हेटला विचारून, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. स्वतःच्या मनाने माणसांच्या गोळ्या मात्र नको.

गणपती जवळ आले की ढोलाची प्रॅक्टिस सुरू होईल. आतापासून मोबाईलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावून जेवण द्या, कान टवकारले तरी आवाज कमी करा, वाढवायचा तो आठवड्यांच्या हिशोबाने. मिरवणुकीच्या दिवशी पहाटेच फिरवून आणा आणि नंतर आतली खोली, खिडक्या बंद. रंगपंचमीलाही तेच.

भुरीला पावभाजीच्या गाडीसमोरून सरळ चालायला आठ महिने लागले. फुगे आजही चालत नाहीत, आणि मी तो नाद सोडलाय.

आज एकच करा, पट्ट्यावर भरवसा न ठेवता अंगाला नीट बसणारा हार्नेस आणा, दोरी हार्नेसला आणि पट्ट्याला दोन्हीकडे अडकवा, पट्ट्यावर मोबाईल नंबर. आणि कितव्या मजल्यावर राहता ते कळवा. दुसऱ्या-तिसऱ्यावर असाल तर सध्या जिनाच वापरा, वर असाल तर लिफ्टचं वेगळं सांगते.