आधी पासपोर्ट, मग मुदतवाढ

प्रश्न : मी निवृत्त, भारतीय नागरिक, चियांग माईत राहतो. थायलंडमध्ये राहण्यासाठी निवृत्तांना मिळणारी वार्षिक मुदतवाढ दोन महिन्यांत संपतेय, पासपोर्ट पाच महिन्यांत. मधे पुण्याला जायचंय. आधी काय करू?

उत्तर : पासपोर्ट. मुदतवाढ पासपोर्टच्या मुदतीपलीकडे मिळत नाही. जुन्याच पासपोर्टवर अर्ज केलात तर वर्षाऐवजी तीनच महिने वाढवून मिळतील. नवा पासपोर्ट आला की जुना जपून ठेवा, कारण व्हिसाचे आणि मुदतवाढीचे शिक्के त्यातच असतात. दोन्ही पासपोर्ट घेऊन इमिग्रेशनमधून ते शिक्के नव्या पासपोर्टवर उतरवून घ्या. दूतावासाचं पत्र लागेल का, हे आधी विचारा.

आता पैसे. थाई बँकेत, फक्त तुमच्या नावावरच्या खात्यात ८,००,००० बाथ अर्जाआधी दोन महिने हवेत. म्हणजे आजच खातं तपासा! मंजुरीनंतर तीन महिने ती रक्कम तशीच राहू द्या, पुढेही ४,००,००० च्या खाली जाऊ नका. अनेकजण इथेच फसतात: मंजुरी मिळाली म्हणून पैसे काढतात आणि पुढच्या वर्षी पासबुकातली घट नडते. मुदत संपायच्या तीस दिवस आधीपासून टीएम ७ (मुदतवाढीचा अर्ज) देता येतो, शुल्क १,९०० बाथ. बँकेचं पत्र त्याच दिवसाचं घ्या, पासबुकात नोंदही त्याच दिवशी करा.

पुण्याला निघण्यापूर्वी पुनःप्रवेश परवाना काढाच (एकदाचा १,००० बाथ, अनेकदाचा ३,८००). तो नसेल तर देश सोडताक्षणी मुदतवाढ रद्द होते. दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो, त्याची मोजणी परतल्यावर नव्याने सुरू होते.